शेवटच्या शिटीआधी उठायचं नाही

आमच्या मोहल्ल्यात एक माणूस होता, तो मरेपर्यंत फक्त एकदा लघवीला गेल्याबद्दल ओळखला गेला. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. आमच्या क्लबचा अंतिम सामना होता, एका गोलची आघाडी होती, खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता, अन् हा गडी पायरीवरून उठून भिंतीआड गेला. परत येईस्तोवर आपल्यावर दोन गोल बसले होते. पुढे त्यानं पोरींची लग्नं लावली, घर बांधलं, देवळाला घंटा दिली, पण लोक त्याला पाहिलं की म्हणायचे, "हा थोच. उठला होता ना त्या दिवशी!" तो गेला तेव्हा घाटावर कोणीतरी हळूच म्हणालं, "आता तरी बसून राहाय म्हणा." सगळे हसले, अन् मग त्याचा मुलगाही हसला, अन् मग सगळ्यांनाच रडू आलं.

तर असा आमचा रिवाज. मॅच सुरू झाली की ज्यानं त्यानं आपापल्या जागेवर बसायचं, अन् शेवटच्या शिटीआधी उठायचं नाही. पाय मुंग्यांनी भरून येवो, घरून बोलावणं येवो, आभाळ फाटो. उठला तो पनवती.

क्लब विणकरांनी काढलेला. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणारी माणसं संध्याकाळी पाय मोकळे करायला मैदानात यायची, त्यातून चेंडू आला अन् चेंडूतून क्लब. लुगड्याच्या काठासारखा लाल अन् पिवळा असा जर्सीचा रंग. न उठण्याचा रिवाजही मागावरूनच आला असं बाबा सांगायचे. काठ अर्धा टाकून विणकर उठत नाही. उठून पुन्हा बसला की हात बदलतो, अन् ते काठात दिसतं. आता मोहल्ल्यात माग शोधूनही सापडत नाही. कोणी बँकेत आहे, कोणाचं किराण्याचं दुकान आहे, मी शाळेत गणित शिकवते. पण मॅच सुरू झाली की आम्ही सगळे विणकरच.

माझे बाबा एके काळी क्लबचे गोलकीपर होते. हाताची दोन बोटं त्यांची अजून वाकडी आहेत. खेळणं सुटल्यापासून त्यांची जागा तिसऱ्या पायरीवर, कडुनिंबाच्या बाजूला. त्यांच्याइतका कट्टर बसणारा अख्ख्या नागपुरात नसेल. माझ्या जन्माची खबर त्यांना मध्यंतराच्या आधी मिळाली अन् ते मॅच संपल्यावर दवाखान्यात आले, हे आई आजही माणसं जमली की ऐकवते. बाबा त्यावर माझ्याकडे पाहून म्हणतात, "तू कुठी पळून जाऊन राहिली होती? अन् जिंकलो होतो ना!" मी मात्र त्या पायऱ्यांवर कधी बसले नाही. पायऱ्या सभासदांच्या. मी लहानपणापासून भिंतीला टेकून, बाबांच्या मागे. लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले, केस पिकायला लागले, तरी भिंत तीच.

आता अध्यक्षाबद्दल सांगते, अन् सांगताना माझं डोकं फिरणार आहे हे आधीच सांगून ठेवते.

तो परका नाही. असता तर बरं झालं असतं, शिव्या देताना जीभ अडली नसती. आमच्याच गल्लीतला, लहानपणी बाबांच्याच हाताखाली गोलकीपिंग शिकलेला. पुढे त्यानं वर्धा रोडकडे प्लॉट पाडले, इमारती बांधल्या, मोठा झाला. काही वर्षांपूर्वी क्लबची पार रया गेली होती, जाळ्या फाटल्या होत्या, तेव्हा आमचेच लोक नारळ अन् हार घेऊन त्याच्या ऑफिसात गेले अन् म्हणाले, बाप्पा, तूच सांभाळ आता. बाबाही गेले होते. त्यानं बाबांच्या पायाला हात लावला. पहिल्या वर्षी नव्या जाळ्या आल्या, बूट आले, मॅचनंतर पोट्ट्यांना सावजीचं जेवण आलं. आम्ही खूश. बाबा म्हणायचे, "माह्या हातचं पोरगं आहे."

मग एके दिवशी जर्सी निळी झाली. त्याच्या कंपनीचा रंग. विचारलं तर म्हणे लाल-पिवळा फोटोत नीट दिसत नाही. मग सराव वर्धा रोडवरच्या त्याच्या टर्फवर नेला. मोहल्ल्यातली पोट्टी दोन बस बदलून जायची, अन् उशीर झाला की बाकावर बसायची. एका हंगामात तीन प्रशिक्षक बदलले. हा माणूस मैदानावर फिरकायचा नाही, ऑफिसातून फोनवर सांगायचा, याला काढा, त्याला घ्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. अन् मागच्या हंगामाच्या मधोमध त्यानं आमचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड कामठीच्या एका संघाला देऊन टाकला. आमच्याच गल्लीतलं पोरगं. त्याच्या आईनं ते व्हॉट्सॲपवर वाचलं.

आमचा मोहल्ला चिडला, पण चिडून करणार काय? पायऱ्यांवर फलक लावले, 'अध्यक्ष, मैदानात या'. तो आला नाही. एका मॅचला सगळ्यांनी मैदानाकडे पाठ करून बसायचं ठरवलं. बसले. पण गलका झाला की एकेक मान वळायची, अन् पंधरा मिनिटांत सगळे पुन्हा सरळ. कपाळ माझं! संघ हरत गेला. शहराच्या लीगमध्ये वरच्या गटातून खालच्या गटात घसरायची वेळ आली. शेवटच्या सामन्यात किमान बरोबरी हवी होती, अन् सामना कोणाशी, तर त्याच कामठीच्या संघाशी.

अन् त्याच आठवड्यात ग्रुपवर सूचना आली. क्लबची सर्वसाधारण सभा. विषय एकच, क्लब अध्यक्षांच्या अकॅडमीत विलीन करणे. म्हणजे नाव जाणार, रंग तर गेलाच होता, मैदानही जाणार. सभा वर्धा रोडवरच्या हॉटेलात, मॅचच्याच दिवशी चार वाजता. मॅच तीन वाजता.

मी ती सूचना शाळेतल्या स्टाफरूममध्ये वाचली. संध्याकाळी बाबांकडे गेले तर ते ओसरीत खुर्चीवर बसून वाकडी बोटं दुसऱ्या हातानं दाबत होते. काळजीत असले की ते असंच करतात.

"बाबा, हे पाडायचं कसं?"

"पाच पायजेत," ते म्हणाले. "आपला जुना नियम आहे. आजीव सभासदांपैकी पाच जण उभे राहून नाई म्हनले, तर ठराव वर्षभर पुढं. वर्षभरात काहीही करता येते."

पाच! जुने आजीव सभासद वीसेक तरी जिवंत होते, अन् सगळेच्या सगळे त्या अध्यक्षावर दात खाऊन होते. माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, मग काय, पाच जण सभेला, बाकीचे मॅचला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवळात चपला घालून शिरले.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या चहाच्या टपरीवर म्हाताऱ्यांची बैठक बसली. मी मुद्दाम गेले. जो तो दुसऱ्याचं नाव घेत होता. "तू जा ना गा." "मी काहून? माही जागा रिकामी राह्यली अन् हरलो तर मोहल्ला मले जगू देईन का?" "मंग तू जा." "मले शुगर आहे." शुगर असल्यावर पायरीवर दोन तास बसता येतं, हॉटेलात बसता येत नाही, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही. मी भडकले. म्हटलं, "काका, अंगाला आग लागली अन् तुम्ही बिडी कोण पेटवणार त्यावर भांडून राहिले!" कोणी मनावर घेतलं नाही. माझं बोलणं त्यांनी लहानपणापासूनच मनावर घेतलेलं नाही.

शेवटी बाबांनीच तोड काढली. मध्यंतरात खेळ सुरू नसतो. खेळ सुरू नसताना उठलेला माणूस उठलेला धरायचा नाही. म्हणून पहिला अर्धा पाहायचा, मध्यंतराची शिटी झाली की पाच जणांनी उठायचं, बाहेर गाडी उभी राहील, तडक हॉटेलात. सभा सुरू झाली तरी ठरावापर्यंत पोचू. यावर अर्धा तास खल झाला. मध्यंतर म्हणजे खेळाच्या आत की बाहेर? एकानं भरल्या ताटावरून उठण्याचा दाखला दिला, दुसऱ्यानं ग्रहणाचा. पण बाबांचा शब्द शेवटचा असायचा. पाच नावं ठरली, बाबा अन् आणखी चौघं. चौघांनीही चहाचा ग्लास हातात घेऊन सांगितलं, "येतो गा. शब्द."

मी व्हॅन ठरवली. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. हरलो तर खालच्या गटात, सभा हुकली तर क्लबच नाही. दोन्हीकडून मरण आपलंच.

मॅचच्या दिवशी पायऱ्या गच्च भरल्या होत्या. कपाटातून जुन्या लाल-पिवळ्या जर्सी निघाल्या होत्या, कोणाची पोटावर ताणलेली, कोणाची काखेत उसवलेली. मी भिंतीशी, बाबा तिसऱ्या पायरीवर, त्यांच्या आजूबाजूला ते चौघं. व्हॅनवाला फाटकाशी उभा. मी तीनदा जाऊन पाहून आले.

आमची पोट्टी घाबरून खेळत होती. पास चुकत होते, बॉल आला की जो तो दुसऱ्याकडे ढकलत होता, अगदी टपरीवरच्या म्हाताऱ्यांसारखा. अन् मध्यंतराच्या थोडं आधी कामठीच्या संघाकडून गोल झाला. मारला कोणी? आमच्याच फॉरवर्डनं. अध्यक्षानं देऊन टाकलेल्या त्या पोरानं. गोल मारून तो नाचला नाही. आमच्या पायऱ्यांकडे वळून त्यानं हात जोडले अन् मान खाली घालून परत गेला. कोणी त्याला शिवी दिली नाही. एक म्हातारा नुसता म्हणाला, "जुगजुग जग रे बावा, पण आज नाई ना."

मध्यंतराची शिटी वाजली. मी भिंत सोडून पायऱ्यांशी गेले. "चला काका, चला. गाडी उभी आहे."

बाबा उठले. पहिल्यांदा गुडघ्यावर हात, मग कडुनिंबाला हात, मग सरळ. बाकीचे चौघं हलले नाहीत.

"काका, चला ना!"

एक जण मैदानाकडेच बघत म्हणाला, "एकानं मागं आहो वं बाई. आता कसं उठाव?"

"मध्यंतर आहे! मध्यंतरात चालते, ठरलं होतं ना!"

"बरोबरी असती तं उठलो असतो," दुसरा म्हणाला. "मागं असताना नाई उठत कोनी. तुह्या बापालेच विचार."

मी हात जोडले, ओरडले, एकाच्या तर दंडाला धरलं. शाळेत चाळीस पोरांना एका आवाजात बसवणारी बाई मी, पण चार म्हाताऱ्यांना उठवता येईना. मागचे लोक म्हणायला लागले, "काय कल्ला करून राह्यली ही? बसू दे त्याईले." कोणी हेही म्हणालं, "तुमी पन बसा काका, पनवती नका लावू."

बाबा उभेच होते. सगळ्या पायऱ्यांवर उभा असलेला एकटा माणूस. जन्मभर न उठलेला. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला वाटलं, बसतील. मी मनात म्हटलं, बसा बाबा, बसून घ्या, गेला तर गेला तो क्लब. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चाल."

व्हॅनवाल्यानं आम्हा दोघांना पाहिलं. "दीदी, बाकी लोग?" मी म्हटलं, चलो. मागच्या सगळ्या सीट रिकाम्या. बाबा खिडकीशी बसले अन् गाडी हलेपर्यंत मान वळवून मैदानाकडे पाहत राहिले. मग बोटं दाबायला लागले.

रस्त्यात ते दोनच गोष्टी बोलले. एकदा म्हणाले, "हरलो तर माह्यामुळंच." मी म्हटलं, काहीतरीच. थोड्या वेळानं म्हणाले, "तू फोन पाहाय." फोनवर ग्रुपमध्ये नुसता आरडाओरडा सुरू होता, गोल झाला नव्हता. मेट्रोच्या पुलाखाली गाड्यांची रांग लागली होती, सिग्नल सुटत नव्हता, अन् मी उगाच सीटची कड धरून बसले होते. एकटा माणूस जाऊन काय होणार हे मलाही कळत होतं, त्यांनाही. गाडी वळवा असं मात्र दोघांपैकी कोणी म्हटलं नाही.

हॉटेलातला हॉल थंडगार. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, काजूच्या बशा, अन् खुर्च्यांवर चाळीसेक माणसं. एकही ओळखीचा चेहरा नाही. त्याचे साइटवरचे इंजिनिअर, त्याचे साळे, त्याच्या ऑफिसातले लोक. सगळे आजीव सभासद, मागच्या दोन वर्षांत झालेले. बाबांच्या अंगावर लाल-पिवळी जर्सी होती. त्या हॉलमध्ये ती जर्सी घातलेले ते एकटेच होते.

अध्यक्ष स्टेजवरून खाली आला. पायाला हात लावला. त्याला खरंच धक्का बसला होता, ते त्याच्या तोंडावर दिसलं. "काका, तुमी कसे काय? मॅच तं सुरू असंन ना अजून!" अन् घड्याळाकडे पाहून म्हणाला, "आता तं सेकंड हाफ लागला असंन."

मला तेव्हा कळलं. मॅचची वेळ अन् सभेची वेळ एकमेकींवर चुकून पडली नव्हती.

बाबांनाही कळलं. "तुले मालूम होतं आमी उठत नाई."

तो हसला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगते. "काका, मी त्याच पायऱ्यांवर लहानाचा मोठा झालो ना," तो म्हणाला, अन् त्यांना हात धरून पहिल्या रांगेत बसवलं. पाण्याची बाटली दिली.

कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, पण कुंपण निदान शेताच्या पाया पडून खात नाही.

सचिवानं ठराव वाचला. मग म्हणाला, "विरोध असणाऱ्या आजीव सभासदांनी उभं राहावं."

बाबा उभे राहिले. दुसऱ्यांदा त्या दुपारी. मला राहवलं नाही, मीही उठले.

"मॅडम, आपण सभासद आहात का?"

"मी पन्नास वर्षं मॅच पाहते आहे!"

"पण सभासद?"

क्लबनं आजवर एकाही बाईला सभासद केलेलं नाही. मनाई होती असं नाही, ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बाबा कितीतरी वर्षं कमिटीवर होते, त्यांच्याही नाही. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बरंच पाहिलं. मग सचिवाला म्हणाले, "हिले धरा ना. ह्या पोरीनं तुमच्या सगळ्याइपेक्षा जास्त मॅच पाह्यल्या आहे."

"काका, नियम."

मी बसले. आजही तो क्षण आठवला की आधी बाबांचा राग येतो, मग त्यांची दया येते, अन् मग स्वतःचाच राग येतो की मी कधी मागितलं का नाही.

तेवढ्यात हातातला फोन थरथरला. बाबा तसेच उभे, सचिव त्यांच्याकडे बोट करून मोजतोय, अन् बाबा खाली वाकून मला विचारतात, "किती?"

"वन-वन. झाला गोल."

त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. "विरोधात एक," सचिव म्हणाला. "पाच नसल्यामुळे विरोध ग्राह्य नाही." बाकीच्यांनी हात वर केले. हातांचं रान उभं राहिलं. बाबा अजूनही उभेच होते, बसायला विसरले होते, अन् फोन पुन्हा थरथरला. दुसरा गोल, अन् लगोलग शेवटची शिटी. मी काही बोलायच्या आधीच अध्यक्षाच्या फोनवर ते आलं होतं. त्यानं माइक हातात घेतला.

"आनंदाची बातमी! आपला संघ दोन-एकनं जिंकला आहे. वरच्या गटात राहिलो आपण!"

अख्खा हॉल टाळ्या वाजवायला लागला. ज्यांनी आयुष्यात आमचं मैदान पाहिलं नव्हतं ते उभं राहून टाळ्या वाजवत होते. अध्यक्ष खाली येऊन बाबांना म्हणाला, अगदी मनापासून म्हणाला, "काका, आज हरलो असतो तं ह्या ठरावाचा काय उपयोग होता? वरच्या गटातली जागा आहे म्हनूनच अकॅडमीत पैसे लावनारे तयार झाले. खालच्या गटातला क्लब कोन घेते गा? सगळी तुमच्या लोकायची कृपा."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मला वाटलं आता एक कानाखाली देतात की काय. दिली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण ते नुसते म्हणाले, "समोरच्यानं मारायच्या आधीच गोलपोस्ट सोडून बाहेर येऊन बॉल पकडाव, हे तुले म्याच शिकवलं." अन् मला म्हणाले, "चाल बाई."

मैदानावर परतलो तेव्हा संदलचं वाजंत्री पथक आलं होतं, ढोल घुमत होते, गुलाल उडत होता. पोट्ट्यांना खांद्यावर घेतलं होतं. ते चौघं म्हातारे पायऱ्यांच्या खाली आपापल्या काठ्या वर करून नाचत होते. बाबांना पाहिल्यावर एक जण धावतच आला, गुलालानं भरलेल्या हातांनी मिठी मारली. "तू उठला अन् जिंकलो गा! पह्यलेच उठाले पायजे होतं तुनं!"

सगळे हसले. बाबाही थोडे हसले.

"तिकडं काय झालं?" मग कोणीतरी विचारलं.

"पाच पायजे होते," बाबा म्हणाले. "मी एकटा होतो."

ढोल सुरूच होते, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या चौघांतला एकही बाबांकडे बघेना. एक जण हातावरचा गुलाल धोतराला पुसायला लागला, अन् पुसतच राहिला. बाबा त्यांना काही बोलले नाहीत. मी बोलले, अन् फार बोलले. पण ते इथे लिहिण्यासारखं नाही, अन् त्याचा उपयोगही झाला नाही.

त्याला आता बरेच महिने झाले. मैदानाला पत्र्याचं कुंपण लागलं आहे. संघाला नवं इंग्रजी नाव आहे, ते आमच्या मोहल्ल्यात कोणाला नीट उच्चारता येत नाही. मॅचेस वर्धा रोडच्या टर्फवर होतात. बाबांनी घरात सांगून टाकलं, "त्या क्लबाचं नाव ह्या घरात काढायचं नाई." कोणी काढत नाही. सकाळी पेपर आला की खेळाचं पान ते स्वतःच घडी घालून बाजूला ठेवतात.

मागच्या रविवारी दुपारी मी घरी गेले. बाबा ओसरीत त्यांच्या खुर्चीवर बसले होते, समोर पाहत. आई आतून ओरडत होती. "केव्हाची बोलावून राहिली, जेवाले उठून नाई राहिले. गेल्या रविवारीही असंच केलं. गुडघे दुखतात का काय, विचार वं त्याईले. मले तं काही सांगत नाई."

मी गुडघ्यांबद्दल विचारणार होते. मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. ते बोटं दाबत होते. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, तीन वाजून गेले होते. पर्समधून फोन काढून पाहिलं. त्या नव्या नावाच्या संघाची मॅच सुरू होती.

मी फोन हातातच ठेवला. बाबांच्या बाजूला, ओसरीच्या पायरीवर बसले. गल्लीत एक भाजीवाला ओरडत गेला. मी फोनवरचा स्कोअर पुन्हा पुन्हा पाहत होते, अन् मला स्वतःचा भयंकर राग आला, की अजूनही? ह्यांच्यासाठी? पण फोन काही हातातून सुटेना.

थोड्या वेळानं बाबांनी विचारलं. माझ्याकडे न पाहता, अगदी हळू.

"किती?"

"झिरो-झिरो."

"अगं, दूध उतू जाऊन राहिलं वं!" आई मागच्या अंगणातून ओरडली. "जाय ना, गॅस बंद कर!"

मी उठायला हात टेकला. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्या वाकड्या बोटांचा.

"बस," ते म्हणाले.

मी बसून राहिले. आईनंच येऊन गॅस बंद केला, अन् आम्हा दोघांनाही शिव्या दिल्या.